मंगळवारच्या फेऱ्या : औषधाच्या चाचणीत सहभागी झाले तेव्हा

फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२४ या काळात पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मधुमेहाच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू होती, तिच्यात मी सहभागी होते. महाविद्यालयाचं, कंपनीचं आणि गोळीचं नाव लिहिणार नाही. इतर केंद्रांवर ती चाचणी अजून संपलेली नाही, आणि नावं कळून तुम्हाला फार उपयोगही नाही. उपयोग होईल तो कागदांचा, तारखांचा आणि कुठे काय विचारायचं याचा. तेवढं सगळं लिहिते.

मी सासवडला राहते. वय ५९, कोषागारातून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं आणि पेन्शनचे कागद तपासले, त्यामुळे फॉर्म दिसला की आधी शेवटचं पान उलटून बघायची खोड आहे. मधुमेह नऊ वर्षांपासून, त्यावर मेटफॉर्मिन ही नेहमीची गोळी चालू.

जानेवारीत त्या रुग्णालयाच्या ओपीडीत एचबीएवनसी केली, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ती ८.४ आली. डॉक्टर म्हणाले, आता एका गोळीवर भागणार नाही, दुसरी जोडावी लागेल. आणि मग म्हणाले, "दुसरा एक पर्यायही आहे. आमच्याकडे एका नव्या गोळीची चाचणी सुरू आहे. तुम्ही निकषात बसाल असं वाटतं. विचार करून सांगा. नाही म्हणालात तर आत्ता लगेच नेहमीची गोळी लिहून देतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी आपण होऊन सांगितलं म्हणून मी पुढचं ऐकून घेतलं. नाही म्हटलं तरी उपचार अडणार नाहीत हे ज्या डॉक्टरांनी आधी सांगितलं नसेल, त्यांना ते तुम्ही विचारा. बाहेर भिंतीवर 'टाइप २ मधुमेह असलेले स्वयंसेवक हवेत' असा कागद होता, त्याच्या खाली नैतिकता समितीचा, म्हणजे सहभागी लोकांच्या हिताच्या दृष्टीने चाचणी तपासणाऱ्या समितीचा, शिक्का आणि मंजुरीची तारीख होती. जाहिरातीच्या कागदालासुद्धा त्या समितीची मंजुरी लागते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

६ फेब्रुवारीला चाचणीचं काम बघणाऱ्या समन्वयक मुलीने माहितीपत्रक आणि संमतीपत्र हातात दिलं. बावीस पानं, मराठीत. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख. ती म्हणाली, "काकू, घरी घेऊन जा, सगळ्यांना दाखवा, पुढच्या आठवड्यात या." मी म्हटलं, "तू नाही म्हणाली असतीस तरी मी घरी नेलंच असतं गं." मराठी इतकी जड होती की काही वाक्यं मला तीनदा वाचावी लागली. पेन्सिलने खुणा केल्या आणि प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवले.

घरी पहिला आवाज आला दादांचा. माझा थोरला भाऊ. फोनवर म्हणाले, "तुला वेड लागलंय का? तुझ्यावर प्रयोग करणार ते. इंदूरला काय झालं होतं विसरलीस का?"

दादा चुकीचं बोलत नव्हते. प्रयोगच होता तो. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. लोकांना नीट न सांगता त्यांच्यावर औषधांच्या चाचण्या होतात आणि काही झालं तर कुणी विचारत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्या काळातच, २०१३ मध्ये, नियम कडक झाले आणि मार्च २०१९ मध्ये नवीन औषधं व क्लिनिकल चाचण्या यांचे नवे नियम आले. मी दादांना सांगितलं, नियम आहेत एवढ्यावर मी विश्वास ठेवणार नाही, ते या फॉर्ममध्ये उतरलेत का ते बघणार. दादा म्हणाले, "बघ बाई. ऑडिटरला कोण शिकवणार?"

मग बघितलं. पहिल्यांदा नोंदणी. भारतात कुठलीही औषध-चाचणी पहिला माणूस घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआयवर नोंदवावी लागते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली, २००९ च्या जूनपासून चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. फॉर्मवर सीटीआरआय क्रमांक होता. भाच्याकडून तो संकेतस्थळावर टाकून घेतला. चाचणी सापडली. कोणत्या शहरांत केंद्रं आहेत, कुठल्या नैतिकता समितीने कधी मंजुरी दिली, किती लोक घेणार, कोणाला घेणार नाहीत, पैसा कोणाचा, सगळं तिथे होतं. हे कुणालाही फुकट बघता येतं. क्रमांक मागितल्यावर कुणी टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरावं असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट नैतिकता समितीची. फॉर्मच्या शेवटी तिच्या सदस्य-सचिवांचं नाव आणि फोन असतो. समितीत किमान सात जण लागतात, त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात, आणि डॉक्टरांखेरीज एक कायदा जाणणारा, एक सर्वसामान्य नागरिक असा भरणा असतो. मी तो फोन लावून बघितला, लागतो की नाही एवढ्यासाठीच. लागला. पलीकडच्या बाई जरा गोंधळल्या, पण त्यांनी सांगितलं की तक्रार असेल तर थेट त्यांच्याकडे लिहून देता येते, डॉक्टरांमार्फत जायची गरज नाही.

तिसरी गोष्ट विम्याची. चाचणीच्या विम्याची मुदत ३० जूनला संपत होती आणि माझी शेवटची फेरी ऑगस्टमध्ये येणार होती. हा प्रश्न मी लाल पेनने लिहिला.

पण खरा विचार करायला लावला तो वेगळ्याच मुद्द्याने. सहभागी होणाऱ्यांपैकी निम्म्यांना नवी गोळी मिळणार होती आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. मेटफॉर्मिन दोघांचंही चालू राहणार. म्हणजे माझी साखर वाढलेली आहे, बाजारात सिद्ध झालेली दुसरी गोळी उपलब्ध आहे, आणि तरीही पुढचे २४ आठवडे मला कदाचित पिठाची गोळी मिळेल. हे मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. यात 'चांगले उपचार फुकट मिळतात' असं जे आपल्याकडे सर्रास म्हणतात, ते नेमकं इथेच कोसळतं. उपचाराला गेलं की डॉक्टर माझ्याकडे बघून गोळी ठरवतात. इथे गोळी काँप्युटर ठरवतो, आणि डॉक्टरांचं लक्ष मी बरी होते का यापेक्षा गोळी काम करते का याकडे जास्त असतं. तेच डॉक्टर, तीच खुर्ची, पण काम दुसरं. हे समजून उमजून जायचं असेल तर जावं. मी जायचं ठरवलं कारण फॉर्ममध्ये लिहिलं होतं की उपाशीपोटीची साखर ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर लगेच नेहमीचं औषध जोडतील. शिवाय माझ्या आईचे पाय मधुमेहाने गेले. तिच्या वेळी जी औषधं नव्हती ती आज आहेत, ती कुणीतरी आधी घेऊन बघितली म्हणूनच ना?

१३ फेब्रुवारीला संमती. खोलीत एक कॅमेरा स्टँडवर लावलेला. कायद्याने असं चित्रीकरण नवीन रेणूच्या, म्हणजे पूर्णपणे नव्या औषधाच्या, चाचणीत दुर्बल गटातल्या लोकांसाठी सक्तीचं आहे, पण या केंद्रावर सगळ्यांचंच करत होते. आधी मी माझं नाव सांगायचं, मग डॉक्टरांनी सगळं समजावून सांगायचं, मग मी प्रश्न विचारायचे, मग सही. माझे प्रश्न संपेनात. कॅमेऱ्याची बॅटरी उतरली, ती बदलून पुन्हा सुरू केलं. डॉक्टर वैतागले नाहीत, हे नोंदवते. विम्याबद्दल मात्र त्यांना सांगता येईना. समन्वयक मुलीने कंपनीला मेल करते म्हणून लिहून घेतलं.

सुरुवातीला दारातल्या नर्सने विचारलं होतं, "मिस्टर नाही आले?" मी विचारलं, त्यांची सही लागते का? तर नाही. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या बाईची एकटीची सही पुरते. स्वतः वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो, नवरा नव्हे. माझे 'हे' त्या वेळी घरी मटार सोलत होते आणि त्यांना कुठेच सही करायची नव्हती याचा त्यांना आनंदच झाला.

सहीच्या पानावर जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न लिहायचं असतं. आणि त्याखाली नामनिर्देशित व्यक्तीचं नाव, पत्ता आणि नातं. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला, यासाठी. हा रकाना आला की पुष्कळजण घाबरतात, असं समन्वयक मुलगी म्हणाली. मी हजारो नॉमिनेशनं तपासली आहेत, तरी पेन क्षणभर थांबलं. मग मुलीचं नाव लिहिलं. भरपाईचं सूत्र सरकारने ठरवलेलं आहे: ८ लाखांची मूळ रक्कम, तिच्यावर वय आणि आजाराची तीव्रता यांचे गुणक. सूत्र फॉर्ममध्ये छापलेलं नव्हतं, नियमांत आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचारांचा खर्चही रुग्णावर पडत नाही, तोही मुद्दा फॉर्ममध्ये स्पष्ट हवा.

संमतीपत्राची सही झालेली एक प्रत तिथेच मागून घ्या. दोन प्रती करतात, एक तुमची. "नंतर देतो" ऐकू नका.

त्याच दिवशी तपासणी. रक्ताच्या बऱ्याच नळ्या, लघवी, ईसीजी, वजन, कमरेचा घेर. शेवटची पाळी कधी आली हेही विचारलं आणि वय ५९ सांगूनसुद्धा तो रकाना भरावाच लागला. शेजारी दौंडच्या एक बाई होत्या. आठवडाभराने कळलं की मूत्रपिंडाचा आकडा कमी आला म्हणून त्यांना घेतलं नाही. त्या फोनवर मला म्हणाल्या, "नापास झाले हो मी." मी म्हटलं, अहो, मूत्रपिंडाचं वेळेवर कळलं हे किती बरं झालं, तो अहवाल घेऊन आधी तिथल्याच ओपीडीत दाखवा. निकषात न बसणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. पण अहवालाची प्रत मागा, ती तुमची आहे.

मला २१ फेब्रुवारीला फोन आला: निकषात बसता. २७ फेब्रुवारीपासून दोन आठवड्यांची सराव-फेरी. या काळात सगळ्यांनाच बिनऔषधाची गोळी देतात, माणूस गोळ्या वेळेवर घेतो का, डायरी भरतो का ते बघायला. ते कधी देतील हे आम्हाला सांगत नाहीत, पण कधीतरी देतील हे फॉर्ममध्ये असतं. सोबत ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि डायरी. काय खाल्लं तेही लिहायचं. ८ मार्चला महाशिवरात्र होती. मी डायरीत प्रामाणिकपणे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू असं लिहिलं आणि जेवणानंतरचा साखरेचा आकडाही लिहिला. आहारतज्ज्ञ बाईंनी ते पान वाचून फक्त चष्मा काढून पुसला.

१२ मार्चला खरी सुरुवात. डॉक्टरांनी काँप्युटरवर माझा क्रमांक टाकला, पलीकडून खोक्याचा क्रमांक आला, कपाटातून ते खोकं काढून माझ्या हातात. आत काय ते डॉक्टरांनाही माहीत नाही, मलाही नाही. जिवावरचा प्रसंग आला तर मात्र ते उघड करायची सोय असते, आणि त्यासाठी एक ओळखपत्र पाकिटात सतत ठेवायला दिलं. त्यावर चोवीस तासांचा फोन. एक छायाप्रत मी आमच्या सासवडच्या डॉक्टरांकडे दिली. तुम्हीही घरच्या डॉक्टरांना सांगाच, नाहीतर ते सर्दी-खोकल्याला असं काही लिहून देतात की जे चाचणीत चालत नाही.

पुढच्या फेऱ्या काँप्युटरने १२ मार्चपासून आठवडे मोजून काढल्या, सगळे मंगळवार. घरी येऊन 'हे' कालनिर्णय घेऊन बसले आणि हसत सुटले. चौथ्या आठवड्याचा मंगळवार ९ एप्रिल, गुढीपाडवा. आठव्याचा ७ मे, आमच्या बारामती मतदारसंघाचं मतदान. बाराव्याचा ४ जून, मतमोजणी. सोळाव्याचा २ जुलै, माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला येणार तो दिवस. आणि चोविसाव्याचा २७ ऑगस्ट, दहीहंडी. परगावच्या कंपनीने मुद्दाम ठरवलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

यावर उतारा असा की प्रत्येक तारखेला तीन दिवस मागे-पुढे करायची मुभा असते. ती फॉर्ममध्ये ठळक लिहिलेली नसते, विचारावी लागते. पाडव्याची फेरी १० एप्रिलला केली, मतदानाची ८ मे रोजी, बोटावरची शाई ताजी असताना. पालखीचा मुक्काम सासवडला दोन रात्री असतो. २ जुलैला दिवे घाट वाहनांना बंद, घरात पंढरपूरला निघालेले अकोल्याकडचे आठ वारकरी. मी ५ जुलैला गेले, मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी. वारकऱ्यांपैकी एक आजी मला डायरी भरताना बघून म्हणाल्या, "बाई, तू पण नेमाची दिसतेस."

फेरीचा दिवस साधारण असा. रात्री जेवणानंतर दहा तास उपास, पाणी चालतं. सकाळची कुठलीच गोळी रक्त देईपर्यंत घ्यायची नाही. सहाच्या सुमाराची पीएमपीची बस पकडून घाट उतरून हडपसरमार्गे आठपर्यंत रुग्णालयात. आधी रक्त, मग डबा, मग गोळ्या, मग डॉक्टर. उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या पट्ट्यासुद्धा परत न्यायच्या, त्या मोजतात. रिकामी पट्टी कचऱ्यात टाकू नका, नाहीतर ती गोळी घेतली की हरवली यावर पानभर स्पष्टीकरण होतं. दुपारी बाराच्या आत सुटका क्वचितच. स्वेटर न्या, नमुने ठेवायच्या खोलीशेजारचा एसी भयंकर असतो. डबा घरूनच न्या, कॅन्टीनच्या पोह्यांवर साखर भुरभुरवतात आणि मधुमेहाच्या विभागाखालीच ते चालतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला जेजुरीला गेलो होतो, जेवणाची पंगत उशिरा बसली, ऊन कडक. अडीचच्या सुमाराला घाम फुटला, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटर पर्समध्येच होता: ६४. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली. पर्समधली ग्लुकोज पावडर पाण्यात घालून घेतली, पंधरा मिनिटांनी ९१. मग त्या चोवीस तासांच्या फोनवर कळवलं. पलीकडे निवासी डॉक्टर होते, त्यांनी वेळ, आकडा, काय खाल्लं होतं ते सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. याची नोंद 'प्रतिकूल घटना' म्हणून झाली. रुग्णालयात भरती व्हावं लागलं असतं तर ती गंभीर घटना ठरली असती आणि चोवीस तासांत नैतिकता समितीला आणि दिल्लीच्या औषध नियंत्रकांनाही कळवावी लागली असती. माझी साधीच राहिली.

पण घरी सगळ्यांनी निष्कर्ष काढला की मला खरी गोळी मिळतेय. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर एवढी उतरत नाही, भाचा गूगल बघून म्हणाला. मी समन्वयक मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "काकू, मला खरंच माहीत नाही, आणि अंदाज पण करायचा नाही." तिचा चेहरा कोषागारातल्या जुन्या रोखपालासारखा कोरा. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी सकाळपासून उपाशीच होते आणि लग्नघरात खूप चालले होते, त्यामुळे भाच्याचा तर्क मला तितकासा पटलेला नाही.

अंदाज बांधायचा मोह मात्र सुटत नाही. डायरीत आकडे उतरत गेले की वाटायचं गोळीच. एखाद्या दिवशी चढले की वाटायचं पीठच. पण कुणीतरी दर महिन्याला डायरी तपासणार म्हटल्यावर मी संध्याकाळी चालायला लागले होते, रात्रीचा भात सोडला होता. आकडा त्यानेही उतरतो. म्हणूनच दुसऱ्या गटाला पिठाची गोळी द्यावी लागते, हे मला तेव्हा आतून समजलं. नातेवाइकांनी या काळात जांभळाच्या बियांचं चूर्ण, कारल्याचा रस आणि कुठल्याशा बाबांचा काढा एवढं सगळं आणून दिलं. हे काहीच चालत नाही. चुलत नणंदेला वाईट वाटलं, तर तिच्यासमोर बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि तिच्या नवऱ्याला परत दिली.

४ जूनला बाहेरच्या खोलीत प्रत्येकाच्या फोनवर निकाल. ईसीजीवाल्या बाई तारा लावताना "कोण पुढे?" असं विचारत होत्या. त्याच दिवशी संमतीपत्राची नवी आवृत्ती सहीला आली. दुसऱ्या केंद्रांवर काही जणांना झालेल्या त्रासाची माहिती त्यात घातली होती. पुन्हा सगळं वाचायचं, पुन्हा सही, पुन्हा कॅमेरा. पुष्कळजण न वाचता करतात. मी बदललेल्या ओळी दाखवा म्हणून सांगितलं, तेव्हा बदल पिवळ्या रंगात असलेली प्रत त्यांच्याकडे होतीच, फक्त कुणी मागत नव्हतं. या टप्प्यावर बाहेर पडायचं असेल तरी पडता येतं. कारण सांगायची सक्ती नाही. आमच्या गटातले वाघोलीचे एक गृहस्थ त्याच दिवशी बाहेर पडले, आणि त्यांना ओपीडीत नेहमीची गोळी सुरू झाली. विम्याचं नवं प्रमाणपत्र जुलैच्या फेरीत मला दाखवलं. मुदत पुढच्या जूनपर्यंत वाढलेली होती.

आता पैशाचं. औषधांच्या चाचणीत माझ्यासारख्या रुग्णांना मानधन नसतं, प्रवास आणि दिवस मोडल्याबद्दलची रक्कम असते. आमच्याकडे फेरीमागे ८०० रुपये, नैतिकता समितीने मंजूर केलेली. बँकेचा रद्द केलेला चेक आणि पॅनची प्रत घेतली. तपासण्या, गोळ्या, ग्लुकोमीटर फुकट. पण पहिल्या तीन फेऱ्यांचे पैसे जूनच्या मध्यापर्यंत आले नव्हते. तोंडी विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे". शेवटी एका कागदावर तारखा आणि रकमा लिहून पोच घेतली, आणि तळाशी लिहिलं की प्रत नैतिकता समितीकडे पाठवत आहे. आठ दिवसांत जमा. समितीकडे पाठवायची वेळच आली नाही. पावतीवर महसूल तिकीट लावायला सांगत होते, मी म्हटलं, ५००० च्या आतल्या रकमेला ते लागत नाही, तुमचा रुपया वाचवा.

माझ्या खिशातून गेलं ते किरकोळ. एकदा घाटात बस बंद पडली म्हणून रिक्षा, आणि शेवटी सासवडच्या लॅबमध्ये स्वतः केलेली एचबीएवनसी, ४५० रुपये.

ती स्वतः का केली? कारण चाचणी चालू असताना हा आकडा आम्हाला सांगत नाहीत. केंद्रातल्या डॉक्टरांनाही नाही, कारण त्यावरून कोण कुठल्या गटात ते ओळखता येतं. २७ ऑगस्टला शेवटची फेरी झाली. परतताना हडपसरच्या पुढे दहीहंडीच्या स्पीकरांनी बस दणाणत होती. २४ सप्टेंबरला तब्येत विचारायचा शेवटचा फोन आला आणि माझ्यापुरती चाचणी संपली. संपली म्हणजे गोळ्याही संपल्या. चाचणीनंतर औषध चालू ठेवायची तरतूद नियमांत आहे, पण ज्या आजाराला दुसरा पर्यायच नाही अशा रुग्णांसाठी. मधुमेहाला पर्याय आहेत. हे आधीच विचारून ठेवा, नाहीतर शेवटच्या दिवशी हातात काहीच नसतं. माझ्या लॅबच्या अहवालात ७.५ आलं. ओपीडीत डॉक्टरांनी जानेवारीतच सुचवलेली दुसरी गोळी आता सुरू केली, महिन्याला दीडशेच्या आसपास पडते.

मी कुठल्या गटात होते ते अजून माहीत नाही. सगळ्या केंद्रांवरचा शेवटचा माणूस संपल्यावर आणि माहिती कुलूपबंद झाल्यावरच ते उघडतात. मी लेखी अर्ज देऊन ठेवलाय की माझा गट आणि चाचणीचा निष्कर्ष दोन्ही मला मराठीत कळवावं, आणि पोच घेतली आहे. आपण होऊन कळवतीलच असं धरून चालू नका.

गेल्या महिन्यात समन्वयक मुलीचा फोन आला होता. "काकू, पायांच्या नसांवरची एक नवी चाचणी येतेय, फॉर्म पाठवू का?" पाठव म्हटलं. बारा पानं वाचून झालीत. तेराव्यावर रक्ताचे नमुने पंधरा वर्षं जपून ठेवायची परवानगी मागितली आहे, पण पुढे ते कशासाठी वापरणार, परदेशात पाठवणार का, आणि मी मधेच बाहेर पडले तर नष्ट करणार का, हे कुठेच लिहिलेलं नाही. तिला तिन्ही प्रश्न लिहून पाठवलेत. उत्तर आल्याशिवाय चौदावं पान उलटणार नाही.